अकरा स्टेशनांचं फॉस्फेट

जावा एकमेकींना पाण्यात पाहतात असं म्हणायची पद्धत आहे. या दोघींना त्याचा पगार मिळत होता. थोरली जाऊ समुद्राच्या पाण्यातलं फॉस्फेट, नायट्रेट आणि सिलिकेट मोजायची. धाकटी त्याच पाण्यातला कार्बन मोजायची. दोघी एकाच संस्थेत, एकाच मजल्यावर, आणि या वेळी एकाच जहाजावर होत्या. कप्तानापासून आचाऱ्यापर्यंत सगळे त्यांना थोरल्या बाई आणि धाकट्या बाई म्हणत. थोरलीच्या निवृत्तीला चार महिने उरले होते. ही तिची सतरावी आणि शेवटची सफर.

सात वर्षं दोघींचा अबोला होता. कामापुरतं बोलत, पण ऐकणाऱ्याला वाटावं की बाई भिंतीशी बोलते आहे. "नळ मोकळा झालाय," असं धाकटी समोरच्या लोखंडी खांबाला सांगायची. "दोन नंबरची बाटली गळतेय," असं थोरली आभाळाला सांगायची. खांब आणि आभाळ आपापले निरोप पोचवत आणि काम अडत नसे.

खरं तर धाकटीला त्या घरात आणली होती थोरलीनंच. प्रयोगशाळेत नवी लागलेली मुलगी, नाकासमोर बघून काम करणारी. थोरलीनं आपल्या दिराला सांगितलं, "भाऊजी, पोरीचे हात स्वच्छ आहेत. बाकीचं तुम्ही बघा." भाऊजींनी बाकीचं बघितलं आणि लग्न झालं. सासूबाई दोन्ही सुनांवर खूश. शेजारणींना सांगायच्या, "माझ्या सुना समुद्र मोजतात." शेजारणींना वाटायचं, लांबी-रुंदी. धाकटीचं आणि सासूबाईंचं तर विशेषच जमायचं. सुट्टीच्या दुपारी दोघी पत्ते खेळत. दोघीही लबाडी करत, त्यामुळे डाव बरोबरीत सुटायचा.

सात वर्षांपूर्वी धाकटी सफरीवर असताना सासूबाई गेल्या. जहाज परतायला अजून बारा दिवस होते. संस्थेतून वायरलेसनं निरोप धाडता आला असता; तिथला माणूस कागद-पेन्सिल घेऊन बसलाच होता. थोरली म्हणाली, "नको. कळवून काय होणार आहे? जहाज काही मागे फिरणार नाही. बारा दिवस ती रडत बाटल्या भरेल आणि बाटल्या बिघडतील." घरातल्या पुरुषांनी माना डोलावल्या, कारण त्यांना ठरवायचं नव्हतं.

बारा दिवसांनी धाकटी सामान घेऊन जिना चढली. हातात शेकायची रबरी पिशवी होती, सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी वाटेतल्या बंदरात घेतलेली. दार थोरलीनं उघडलं. आतल्या खोलीत पलंग भिंतीला उभा करून ठेवलेला दिसत होता. धाकटीनं एकच विचारलं, "कधी?" थोरलीनं तारीख सांगितली. धाकटीनं मनाशी दिवस मोजले आणि ती वरच्या मजल्यावर आपल्या बिऱ्हाडात निघून गेली. त्या दिवसापासून बोलणं बंद. दोघे भाऊ मात्र जिन्यात भेटत आणि चोरटा माल विकणाऱ्यांसारखे हळू आवाजात गप्पा मारत.

थोरलीचं म्हणणं सात वर्षं एकच होतं, की आपण केलं ते बरोबर केलं. त्या सफरीतल्या धाकटीच्या बाटल्या उत्तम निघाल्या होत्या, हे ती पुरावा म्हणून सांगायची.

या सफरीत एकोणतीस स्टेशनं होती. स्टेशन म्हणजे समुद्रात नकाशावर ठरवलेली जागा. तिथे फलाट नसतो, चहावाला नसतो, आणि पोचल्यावरही पोचलो असं वाटत नाही. जहाज थांबतं, आणि चोवीस उंच करड्या बाटल्यांचा गोल पिंजरा तारेला बांधून चार हजार मीटर खाली सोडतात. वर येताना ठरलेल्या खोलीवर एकेक बाटली मिटते. साडेतीन तासांनी पिंजरा डेकवर येतो, तेव्हा खालच्या बाटल्या इतक्या गार असतात की त्यांना बाहेरून घाम फुटलेला दिसतो.

मग रांग लागते. पाण्यातली जी गोष्ट उडून जायची भीती जास्त, ती आधी. पहिला ऑक्सिजनवाला, मग कार्बन, मग फॉस्फेट आणि मंडळी, सर्वांत शेवटी मीठ, कारण मीठ कुठे जात नाही. घरात थोरलीचा मान पहिला, पण पिंजऱ्यापाशी धाकटीचा. धाकटी रबरी नळी काचेच्या बाटलीच्या तळाला टेकवायची, एक बुडबुडा येऊ न देता बाटली भरायची, दोनदा ओसंडू द्यायची, आणि विषाचा थेंब घालून बूच घट्ट लावायची. विष अशासाठी, की आत राहिलेल्या बारीक जीवांनी श्वास घेऊन आकडा बदलू नये. तोवर थोरली नळ्यांचा खोका छातीशी धरून मागे उभी. या रांगेबद्दल तिनं कधी तक्रार केली नाही. फक्त धाकटी बूच लावत असताना ती दर वेळी घड्याळ बघायची.

थोरलीची पद्धत जुनी होती. प्लास्टिकच्या नळीत थोडं पाणी घ्यायचं, उघड्या अंगठ्यानं तोंड दाबायचं, खळखळवायचं, फेकायचं. असं तीनदा, आणि चौथ्यांदा नळी भरायची. नवी मंडळी हातमोजे घालत आणि झाकण लावून खळखळवत. थोरलीला कुणी सुचवलं तर ती म्हणायची, "मोजा घातला की मला नळी कळत नाही. आणि हा अंगठा काही मी काल आणलेला नाही." एकतीस वर्षांत तिच्या एकाही आकड्याकडे कुणी बोट दाखवलं नव्हतं, त्यामुळे अंगठ्याकडेही दाखवलं नाही.

या पद्धतीत हात मात्र फाटत. तळाचं पाणी दोन अंशांचं, वर वारा, आणि प्रयोगशाळेत आम्ल. पाचव्या दिवसापर्यंत बोटांच्या पेरांना चिरा पडत आणि त्यात मीठ शिरायचं. तिच्या पहिल्या सफरीतही पडल्या होत्या. त्या काळी जहाजावर बाईला झोपायला जागाच नव्हती. तिला नकाशांच्या खोलीत पडदा लावून दिला होता. कप्तान रोज सकाळी पडद्याबाहेरून खाकरून नकाशाचा नंबर सांगायचा आणि ती आतून तो नकाशा बाहेर सरकवायची. मोठा सभ्य माणूस. तिचे हात बघून त्यानं यंत्रघरातून डबीभर ग्रीस आणून दिलं होतं. त्यानंतर तिच्या हातांची चौकशी सहसा कुणी केली नव्हती.

या सफरीच्या सहाव्या दिवशी तिच्या यंत्रावरच्या फळीवर हाताला लावायच्या क्रीमची ट्यूब दिसली. चिठ्ठी नाही, नाव नाही. पण कुणी ठेवली हे विचारायची गरज नव्हती. जहाजावर तिच्याखेरीज छत्तीस माणसं, त्यांतल्या पस्तीस जणांना थोरल्या बाईंच्या बोटांचं काही पडलेलं नव्हतं.

दोन दिवस थोरलीनं ट्यूबकडे पाहिलं नाही. तिसऱ्या दिवशी नळी धरताना चीर उलली आणि तिच्या तोंडून असा शब्द निघाला की तार ओढणाऱ्या विंचवर बसलेल्या खलाशानं मागे वळून पाहिलं. त्या दुपारी तिनं दाराबाहेर कुणी नाही याची खात्री केली, वाटाण्याएवढी क्रीम घेतली, चोळली, आणि ट्यूब होती तिथे, होती तशीच, नाव बाहेरच्या बाजूला येईल अशी ठेवून दिली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. पिंजरा वर यायच्या आधी लावलेली बरी, असं तिच्या लक्षात आलं. म्हणजे थंडी बाधत नाही. ट्यूब चपटी दिसू लागली तेव्हा तिनं तोंडानं हवा भरून ती फुगवली. ताकाला जाऊन भांडं लपवणारी माणसं तिला एरवी आवडत नसत.

सतराव्या स्टेशननंतर सफरीचा प्रमुख तिच्या प्रयोगशाळेत आला. चाळिशीचा माणूस, कधीकाळी तिच्याच हाताखाली शिकलेला. अजून तिच्यासमोर बसताना तो खुर्चीच्या टोकावर बसायचा.

"बाई, जरा घोळ आहे," तो म्हणाला. "आठव्या स्टेशनपासून फॉस्फेट वर चाललंय. कार्बन आहे तिथेच आहे."

समुद्रात या दोघांची जोडी असते. वरच्या उजेडातले बारीक जीव मरून खाली पडतात, खोल पाण्यात कुजतात, आणि कुजताना फॉस्फेट आणि कार्बन ठरलेल्या प्रमाणात सोडतात. एक वाढला की दुसरा वाढलाच पाहिजे.

"मग कार्बनला विचार," थोरली म्हणाली.

"विचारलं. धाकट्या बाई म्हणतात, कार्बन बरोबर आहे."

"म्हणणारच. कार्बनला तोंड नाही, त्याच्या वतीनं कुणीतरी बोलायला हवं."

"नायट्रेटवरून कळलं असतं. तेही याच हिशेबानं वाढतं."

"नायट्रेटचा भाग बंद पडलाय, तुला माहीत आहे. त्याच्या नळ्या गोठवून ठेवल्यात. घरी जाऊन तीन महिन्यांनी कळेल."

"आणि ऑक्सिजनवाल्याची मोजायची नळी, ब्युरेट, फुटलीय. तोही म्हणतोय, घरी जाऊन."

"सगळं घरी जाऊनच करायचं, तर इथं कशाला आलो?"

प्रमुखानं खुर्चीच्या टोकावर चुळबुळ केली. "प्रश्न असा आहे बाई, की बंदराला लागल्यावर आठवड्याभरात समितीची बैठक आहे. कार्बनचं काम आपल्याकडे ठेवायचं की दुसऱ्या संस्थेला द्यायचं, ते ठरणार. यंत्र जुनं, दोनदा बिघडलेलं. त्यात या सगळ्या स्टेशनांच्या कार्बनपुढे मला तीन लिहावं लागलं, तर संपलंच."

प्रत्येक आकड्यापुढे एक खूण लिहायची असते. दोन म्हणजे चांगला, तीन म्हणजे संशयास्पद, चार म्हणजे वाईट.

"आणि ती?" थोरलीनं विचारलं.

"त्यांना ग्रंथालयात घेतील बहुतेक. तिथं एक जागा आहे."

"तिला धुळीनं शिंका येतात."

"हो, पण बाई, दोघांपैकी एक आकडा चूक आहे. आणि तुमचा तर..." त्यानं वाक्य पुरं केलं नाही. तिचा आकडा चूक असतो, हे वाक्य त्याला शिकवलंच नव्हतं.

संध्याकाळी थोरली कार्बनच्या खोलीवरून गेली. दार उघडं होतं. धाकटी यंत्रापुढे उभी होती. ज्याचा आकडा आधीच पक्का ठाऊक असतो असं बाटलीबंद समुद्राचं पाणी मिळतं; यंत्र खरं बोलतंय की नाही ते त्यावर तपासतात. धाकटीनं तसल्या तीन बाटल्या फोडल्या होत्या.

"तिन्ही बरोबर आल्या," धाकटी यंत्राला म्हणाली.

"बाटलीत बरोबर आलं म्हणजे समुद्रात येतंच असं नाही," थोरली दाराच्या कडीला म्हणाली.

धाकटीनं चौथी बाटली फोडायला घेतली. तिचे ओठ घट्ट मिटलेले होते, आणि ते तसे का मिटलेत हे थोरलीला कळत होतं. ती पुढे गेली. रात्री झोप नीट लागली नाही, तो दोष तिनं गादीला दिला.

दुसऱ्या दिवशी अठरावं स्टेशन झालं. सगळ्यांचं पाणी घेऊन झालं तरी तळाच्या बाटलीत थोडं उरलं होतं. थोरलीच्या मनात आलं, प्रमुखाच्या तोंडावर एकदा पुरावाच ठेवावा. तिनं त्या एकाच बाटलीतून ओळीनं बारा नळ्या भरल्या. एकच पाणी, एकच हात. बाराही आकडे सारखे यायला हवेत. फॉस्फेट कसं स्थिर येतं ते पोरानं डोळ्यांनी बघावं आणि गप्प बसावं.

आता असले आकडे पडद्यावर उमटतात. तेव्हा यंत्रातून कागदाची गुंडाळी सरकायची आणि शाईची लेखणी तिच्यावर टोकं काढायची. जेवढं फॉस्फेट जास्त, तेवढा यंत्रातला निळा रंग गडद, आणि तेवढं टोक उंच. दुपारच्या जेवणानंतर थोरली स्टुलावर बसून बारा टोकं उमटताना बघत राहिली. ती कंगव्याच्या दातांसारखी सारखी यायला हवी होती.

पहिलं टोक उंच आलं. दुसरं त्याहून बुटकं. तिसरं आणखी बुटकं. बारावं आलं तोवर कागदावर उतरता जिना तयार झाला होता.

तिनं यंत्र तपासलं. नळ्या पुन्हा लावल्या, उलट क्रमानं. या वेळी चढता जिना आला. म्हणजे यंत्राचं काही चुकत नव्हतं. नळ्यांतच ते होतं. पहिल्या नळीत सगळ्यांत जास्त, मग कमी कमी. पाणी तर एकच. पहिल्या नळीपासून बाराव्या नळीपर्यंत काय बदलत गेलं?

बदलत गेलं ते एवढंच, की हात धुतला जात होता.

थोरलीनं आपला उजवा अंगठा डोळ्यांसमोर धरला. सफरीच्या अठराव्या-एकोणिसाव्या दिवशी तिचा अंगठा वाळक्या लाकडासारखा असायचा. आज तो मऊ होता. एखाद्या मुलीच्या अंगठ्यासारखा गुळगुळीत. ती उठली, फळीवरची ट्यूब घेतली, चष्मा लावला आणि मागच्या बाजूची मुंगीएवढी अक्षरं वाचायला लागली. आठ नावं तिला कळली नाहीत. नववं कळलं. त्यात फॉस्फेट होतं.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं. एकतीस वर्षं ती पोरांना सांगत आली होती, पाण्याला हात लावण्याआधी साबण कुठला, पावडर कुठली, ते बघा. आणि स्वतः अंगठ्याला फॉस्फेट चोळून चोवीस नळ्यांची तोंडं दर स्टेशनला दाबत होती.

तिनं गरम पाण्यानं, मग आम्लाच्या पातळ पाण्यानं हात धुतले. मग स्टुलावर बसून तिनं हिशेबीपणानं विचार केला. उद्यापासून हातमोजे घालायचे. फॉस्फेट आपोआप खाली येईल. लोक म्हणतील, त्या पट्ट्यात समुद्राचंच काहीतरी वेगळं होतं, किंवा कार्बनचं यंत्र मधे रुसलं होतं. गोठवलेल्या नायट्रेटवरून तीन महिन्यांनी कुणाला शंका आलीच, तर तोवर समिती बसून उठलेली असेल आणि आपण निवृत्तीच्या हारतुऱ्यांत. कुणाला काही कळणार नाही. सांगून तरी काय होणार आहे? अकरा स्टेशनांचं फॉस्फेट वाया जाईल, तेही शेवटच्या सफरीत, आणि...

'सांगून काय होणार आहे' हे शब्द मनात उमटले तेव्हा ती थांबली. हा आवाज तिच्या ओळखीचा होता. घरातल्या बैठकीच्या खोलीत, चार पुरुष माना डोलावत असताना, हाच आवाज असाच शहाणपणानं बोलला होता. तेव्हा तो किती बरोबर वाटला होता. आताही तितकाच बरोबर वाटत होता. तिला ते आवडलं नाही.

चार वाजता चहाच्या वेळी प्रमुखाच्या खोलीत तिघं बसले. प्रमुखानं तक्ते पसरले होते आणि धाकटी भिंतीपाशी उभी होती, कारण खुर्च्या दोनच होत्या. थोरलीनं कागदाची गुंडाळी टेबलावर उलगडली.

"फॉस्फेट चूक आहे," ती म्हणाली. "कार्बन बरोबर आहे. आठ ते अठरा, सगळं."

प्रमुखानं जिना बघितला. मग तिच्याकडे बघितलं. "यंत्र?"

"यंत्र नाही. अंगठा. क्रीम लावत होते."

"क्रीम? बाई, तुम्ही? कुठून आली क्रीम?"

"आली कुठूनतरी."

"मी ठेवली होती," धाकटी भिंतीपासून म्हणाली.

प्रमुखाला दोन्हींचा अर्थ लागेना. "म्हणजे धाकट्या बाईंच्या क्रीमनं थोरल्या बाईंचं फॉस्फेट वाढलं आणि त्यामुळे धाकट्या बाईंचा कार्बन चूक ठरत होता?"

"असं लिहू नकोस कुठं," थोरली म्हणाली.

"मी काय पिंजऱ्यापाशी लावायला ठेवली होती?" धाकटी म्हणाली. आणि ती भिंतीशी बोलत नव्हती. "काम झाल्यावर, झोपताना लावायची वस्तू ती! जगात हातमोजे निघालेत, ऐकलंय का?"

"एकतीस वर्षं नाही घातले."

"एकतीस वर्षं, एकतीस वर्षं! एकतीस वर्षं हात सोलून घेतले म्हणजे काय मेडल मिळतं? आणि रोज ट्यूब फुगवून ठेवता ते मला दिसत नव्हतं वाटतं? हलकी लागायची हाताला!"

"तू उचलून बघत होतीस?"

"रोज!"

"मग तोंड नव्हतं? वाचायचं ना मागे काय लिहिलंय ते! स्वतः रसायनं शिकलीस!"

"मी कार्बनवाली आहे. फॉस्फेट तुमच्या घरचं!"

"पण विचारायचं तरी, कधी लावता म्हणून!"

"विचारायचं? मी विचारायचं? आणि तुम्ही तरी काय सांगितलंत मला, मी विचारल्याशिवाय?" धाकटीचा आवाज चढला, मग एकदम खाली आला. "वहिनी, बारा दिवस. मी त्या बंदरात दुकानं फिरले. दुकानदार विचारतोय कुणासाठी, मी म्हणतेय सासूबाईंसाठी, त्यांचे गुडघे दुखतात. तेव्हा त्यांना जाऊन पाच दिवस झाले होते. मी मागाहून मोजले. मला तिथं कुणी वेडी म्हटलं नाही, एवढंच."

प्रमुखानं दबकत विचारलं, "हे कुठल्या स्टेशनबद्दल चाललंय?"

"तू चहा पी," थोरली म्हणाली.

त्यानं चहा प्यायला.

"जहाज फिरलं नसतं," थोरली धाकटीला म्हणाली.

"नसतंच फिरलं."

"तू रडली असतीस."

"हो. रडले असते. माझं रडणं होतं ते, वहिनी."

थोरलीनं टेबलावरची गुंडाळी परत गुंडाळायला घेतली. ती सरळ गुंडाळली जाईना. "माझं चुकलं," ती म्हणाली. हे फॉस्फेटबद्दल नव्हतं, आणि खोलीत ते प्रमुख सोडून सगळ्यांना समजलं.

"त्याला सात वर्षं लागली," धाकटी म्हणाली.

"लागली."

धाकटीनं डोळे पुसले नाहीत, कारण तिच्या हाताला बुचांना लावायचं ग्रीस होतं. प्रमुखानं तक्ता पुढे ओढला. "बाई, मी काय म्हणतो. तुमची शेवटची सफर. या फॉस्फेटपुढे आपण तीन लिहू. संशयास्पद. तेवढं चालतं."

"मला संशय नाहीये," थोरली म्हणाली. "चार."

"अकरा स्टेशनं, बाई. दोनशे चौसष्ट आकडे."

"चार लिही. नाही तर आण, मीच लिहिते. आणि कार्बनपुढे दोन. समितीच्या कागदात कारणही लिही: थोरल्या बाईंचा अंगठा. नाव नको तर पद लिही."

"अंगठ्याला पद काय लिहू?"

"वरिष्ठ," थोरली म्हणाली.

खुणा मूळ वहीतही हातानं लिहायच्या असत; तेव्हा तशीच रीत होती. दुसऱ्या दिवशी पुढच्या स्टेशनला पोचायला सहा तास होते. थोरली वही घेऊन प्रयोगशाळेच्या लांब टेबलाशी बसली. शेजारी हातमोज्यांचा नवा खोका होता. प्रमुखानं सकाळी काही न बोलता आणून ठेवला होता. आपल्याच हातच्या आकड्यापुढे आपल्याच हातानं चार लिहायचं, असं दोनशे चौसष्ट वेळा. पहिले पाच लिहायला तिला बराच वेळ लागला. पाचवा आकडा तर दिसायला फार सुरेख होता.

धाकटी आली. स्टूल ओढून समोर बसली. "द्या इकडे. मी वाचते, तुम्ही लिहा. नाही तर ओळ चुकाल."

"मी ओळ चुकत नाही."

"हो, माहीत आहे तुमचं. स्टेशन आठ, बाटली सहा."

"चार."

"बाटली सात."

"चार."

असं चाललं. धाकटी आकडे एका सुरात वाचायची, थोरली एका सुरात उत्तर द्यायची. दारातून जाणारा ऑक्सिजनवाला थोडा वेळ थांबला आणि काही विचारावंसं न वाटून निघून गेला. जहाज हलत होतं, त्यामुळे काही चार तिरके पडत होते. नवव्या स्टेशनला दोघींनी पाणी पिऊन घेतलं. अकराव्याला धाकटी म्हणाली, "तुमचा चार पाचासारखा दिसतोय," आणि थोरलीनं तो खोडून पुन्हा लिहिला. पाच लिहून चाललं नसतं. पाच म्हणजे आकडाच दिलेला नाही, आणि आकडा तर दिला होता.

तेराव्या स्टेशनच्या मध्यावर धाकटीनं वाचणं थांबवलं. बोट ओळीवरच होतं.

"शेवटी काय म्हणाल्या त्या?" तिनं विचारलं. मान वर केली नाही.

थोरलीनं पेन खाली ठेवलं. सात वर्षांत हे तिला कुणी विचारलं नव्हतं, आणि तिनंही कुणाला सांगितलं नव्हतं.

"सकाळची वेळ होती," ती म्हणाली. "शुद्ध होती. उशी उंच करायला सांगितली. मग म्हणाल्या, 'तिचं जहाज कुठवर आलं?'"

"मग?"

"मी म्हटलं, आलंच. दोन दिवसांत येतेय."

"पण बारा दिवस होते."

"हो. बाराच होते. तर त्या म्हणाल्या, 'तू हिशेबात कच्ची आहेस. मी रोज मोजतेय.' आणि हसल्या. मग पत्ते मागितले. मी आणेपर्यंत डोळा लागला होता. मला वाटलं, झोपल्यात."

धाकटीनं वहीवरचं बोट काढलं नाही. खाली यंत्रघराची घरघर चालू होती, आणि वरून कुणीतरी विंचवाल्याला हाक मारत होतं.

"पत्ते कोणी ठेवलेत?" तिनं विचारलं.

"माझ्याकडे आहेत. एक राणी कमी आहे."

"ती माझ्याकडे आहे," धाकटी म्हणाली. "शेवटच्या डावात मी ब्लाउजमध्ये लपवली होती. त्यांना माहीत होतं." तिनं नाक ओढलं आणि डोळे मनगटाच्या मागच्या बाजूनं पुसले. "स्टेशन तेरा, बाटली चौदा."

"चार," थोरली म्हणाली, आणि लिहिलं.